लाकडाची शिट्टी

आमच्या गावच्या स्टेशनासमोर वाफेचं एक इंजिन उभं आहे. छोट्या लाइनीचं, विलायतेत बनलेलं, काळं कुळकुळीत रंगवलेलं. त्याची शिट्टी लाकडाची आहे. वरून सोनेरी रंग दिलाय, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांना कळत नाही. पण गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की खरी पितळी शिट्टी म्हाताऱ्या फिटरनं विकून खाल्ली. तो म्हातारा फिटर म्हणजे माझा बाप. त्यांनी शिट्टी विकली नाही. ती मी घालवली. हे सगळं एकदा सुरुवातीपासून लिहून ठेवायचं आहे, कारण तोंडी सांगून काही उपयोग झाला नाही.

वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. ते छोट्या लाइनीच्या शेडमध्ये फिटर होते. ही गाडी इतकी सावकाश चालायची की पुढच्या डब्यातून उतरावं, बांधावरची बोरं तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावं, असं लोक चिडवायचे. आबांना ते लागायचं. "बैलगाडीले शिट्टी ऱ्हास का?" असं विचारून ते समोरच्याचं तोंड बंद करायचे. शिट्टी असली की झालं, वेगाचं काय एवढं, असा त्यांचा हिशोब होता.

आणि शिट्टी होतीही तशीच. आधी घसा खाकरल्यासारखी खरखर, मग एकदम मोकळा लांब सूर. शेडमध्ये इंजिन तयार झालं की आबा एकदा शिट्टी वाजवून बघायचे, आणि इकडे आई तवा चुलीवर टाकायची, कारण त्यानंतर पाऊण तासात आबा घरी. "बोलली बघा तुमच्या बापाची दुसरी बायको," असं ती आम्हाला सांगायची. सवतीवर तिचा राग नव्हता. एखाद्या दिवशी शिट्टी उशिरा झाली तर तीच दारात जाऊन उभी राहायची.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा व्हायची. हातोडे, पाने, पहारी सगळ्या धुऊन ओळीनं मांडायच्या, इंजिनाला झेंडूच्या माळा, पुढे नारळ. त्या एका दिवशी बायका-पोरांना आत सोडत. मी सहा-सात वर्षांची असेन, आबांनी मला उचलून वर चढवलं आणि साखळी हातात दिली. मी ओढली. तो आवाज माझ्या पोटातून निघाल्यासारखा झाला आणि मी भोकाड पसरलं. सगळी शेड हसली. आबा मात्र हसले नाहीत. मला खाली उतरवून त्यांनी इंजिनाच्या कुशीवरची पितळी पाटी दाखवली. लांबट गोल, त्यावर इंग्रजी अक्षरं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण बोट फिरवून ते प्रत्येक अक्षर ओळखायचे. "आठे ती जनमनी, ते लिखेल शे," असं म्हणाले होते. इथं ती जन्मली, ते लिहिलंय.

पुढे वाफेची इंजिनं बंद झाली, डिझेल आलं. आबा डिझेलही शिकले, पण नाइलाजानं. डिझेलला ताप येतो, राग येत नाही, असं त्यांचं मत. जुनी इंजिनं गॅस कटरनं कापून नेली. एकच वाचलं, तेही कुणाच्या मायेमुळे नाही. त्याच्या कागदपत्रांत काहीतरी घोळ होता, आणि आपल्याकडे घोळ असला की वस्तू जागच्या जागी राहते. त्याला मागच्या रुळावर बाभळींमध्ये ढकलून दिलं. थोड्याच दिवसांत तांब्याच्या नळ्या गायब व्हायला लागल्या. रुळावरून चोर यायचे, पोतं भरून जायचे.

तेव्हा आबांनी काय केलं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. माझं लग्न होऊन मी जळगावला गेले होते, पोस्टात काउंटरला लागले होते. आता माहीत आहे. त्यांनी शिट्टी खोलली, पाटी खोलली, वाफेच्या दोन पितळी झडपा काढल्या, आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एकेक करून घरी आणलं. हात पुसायची सुताची चिंधीसुद्धा शेडमधून घरी न आणणारा माणूस तो. सगळं ग्रीसमध्ये बुडवून गोणपाटात गुंडाळलं, तारेनं आवळलं आणि आईच्या लोखंडी पेटीत, तिच्या घागरी-पराती-तपेल्यांच्या तळाशी ठेवलं. आईला माहीत होतं, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका नानांना. तिसऱ्याला नाही.

निवृत्त झाल्यावर आबा आणि ते नाना दर रविवारी इंजिनाकडे जायचे. नाना पारोळ्याकडचे, शेडमध्ये बॉयलरवर होते. धुराड्यावर त्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा उपडा घातला होता, पाणी आत जाऊ नये म्हणून. चाकांच्या धुऱ्यांना तेल, दांड्यांना ग्रीस. मग दोघं चाकाखाली पहारी घालून इंजिन हातभर पुढे सरकवायचे. पुढच्या रविवारी हातभर मागे. एकाच जागी उभं राहिलं की चाक रुळाला धरतं म्हणे. किती वर्षं हे चाललं! मी एकदा चेष्टेनं विचारलं, आबा, या वेगानं लाइनीच्या टोकाला, जामनेरला, कधी पोचणार? आबा म्हणाले, "इंजिन मरस नही पोर, निजस. तिले कूस बदलाले लावनी पडस."

आणि अर्ज. आबांची एकच इच्छा होती. हे इंजिन कापलं जाऊ नये, लोकांसमोर नीट उभं राहावं, आणि त्याच्या अंगावरचं सगळं त्याचंच असावं. त्यासाठी ते एसटीनं जळगावला यायचे, पोस्टात माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून राहायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचे अर्ज लिहायचे. अर्जात काहीही बदललं तरी एक वाक्य बदलायचं नाही: "इंजिनाचे सर्व भाग सुरक्षित आहेत."

मी वाद घालायचे. "आबा, शिट्टी कुठंय तिथं? पाटी कुठंय? मी पाहिलंय ना, नुसती भोकं आहेत. माझ्या हातानं खोटं कशाला लिहून घेता?"

"तू लिख," ते म्हणायचे. "जे शे ते शे."

मी ते हट्टी म्हाताऱ्याचं बोलणं समजून लिहायचे. मला त्यांनी का सांगितलं नाही याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी सरकारी नोकर. मला ठाऊक असतं तर मीही त्यात आले असते. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

आई गेली. आबा माझ्याकडे राहायला आले, आणि बरोबर आईची पेटी आली. दोन माणसांनी उचलली तरी हलेना. "काय भरलंय काय यात?" मी विचारलं. आबा म्हणाले, "तुन्या मायनं पितळ शे. ऱ्हाऊ दे." पेटी माझ्या पलंगाखाली गेली. रविवारची वारी चालूच राहिली. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी काळे हात घेऊन परत.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. सावद्याचं घर, केळीवाले, माणसं चांगली. आमच्याकडे लेकीच्या आंदणात पितळेची घागर आणि परात लागतेच, आणि आजीच्या पितळाचा अंश नातीच्या भांड्यात जावा अशी रीत आहे. म्हणजे जुनं पितळ भांडेवाल्याला मोड म्हणून द्यायचं आणि त्यावर नवं घ्यायचं. मोड वितळते, तिची पुन्हा भांडी होतात. आजीचा आशीर्वाद मोडीतून जातो म्हणतात. मला ही रीत फार आवडायची. आजही आवडली असती.

ती खरेदी मी रविवारी काढली. सुट्टी तेवढीच. आबा इंजिनाला तेल घालायला गेले होते.

पेटी उघडली. वर आईच्या दोन घागरी, परात, तपेल्या, तांबे, आणि तळाशी तारेनं आवळलेली गोणपाटाची गाठोडी. मी एक उचललं तर मनगट वाकलं. ग्रीसचे डाग, जुना वास. मला घाई होती. बाहेर रिक्षा उभी, हॉलवाल्याचा फोन, आणि भावी विहीणबाई दुपारी येणार. मी सगळंच रिक्षात घातलं.

भांड्यांच्या दुकानात शेठ जुना ओळखीचा. त्यानं गाठोडी हातात तोलून विचारलं, "ताई, उघडून पाहता का?"

मी म्हटलं, "पाहायचं काय त्यात? पितळच आहे."

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडून ऐकलेलं आहे. रोज ऐकते.

त्याच्या माणसानं मागच्या बाजूला तारा तोडल्या. मी पुढे बसून घागरी वाजवून बघत होते, कुठली बद्द वाजते, कुठली खणखणीत. मधे मागून आवाज आला, "जुन्या पंपाचं दिसतंय." मी मान वळवली. ढिगात काळ्या ग्रीसनं माखलेला एक जाड पोकळ दांडा होता, वर टोपीसारखं काहीतरी. मी त्याच्याकडे नीट बघितलं. तरी ओळखलं नाही. माझ्याच हातानं ती वाजवली होती मी, आणि ओळखली नाही. "असेल शेतातलं," मी म्हणाले, आणि खणखणीत वाजणारी घागर निवडली.

लग्न झकास झालं. सावद्याच्या मांडवात आबांनी नातीच्या घागरीवरून हात फिरवला, म्हणाले, "जड शे, चांगली शे."

चार-पाच महिन्यांनी तो कागद आला, ज्याची वाट आबांनी वीसहून जास्त वर्षं पाहिली. इंजिन स्टेशनासमोर चबुतऱ्यावर बसवायचं ठरलं. माहितगार म्हणून आबांना बोलावलं होतं. मी पोस्टातून पेढे घेऊनच घरी आले. आबा माझ्या खोलीत जमिनीवर बसले होते, समोर आईची पेटी उघडी. आत मी गोधड्या भरून ठेवल्या होत्या.

"मायनं पितळ कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मोडीत दिलं ना आबा! सावद्याची घागर-परात कशावर घेतली मग?"

"बठ्ठं?" सगळं?

"बठ्ठं."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाले, "बरं कयं." चांगलं केलंस. त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. तांब्या हातात धरून ते बराच वेळ बसले, आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं आईच्या आठवणीनं. मी त्यांच्या तोंडात पेढा घातला. त्यांनी तो खाल्ला.

पुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला काही दिसलं नाही. इंजिनाचं काम बघायला एक तरुण साहेब आला होता. अभ्यासू माणूस, सगळे अर्ज वाचून आलेला. त्यानं विचारलं, "तुम्ही प्रत्येक अर्जात लिहिलंय, सर्व भाग सुरक्षित. मग शिट्टी, पाटी, झडपा कुठं आहेत?"

आबा म्हणाले, "चोरी गयं व्हई."

"कधी? तक्रार केली होती का?"

वीस वर्षं माझ्या अक्षरात लिहिलेलं ते वाक्य टेबलावर पडलं होतं. साहेबानं जास्त ताणलं नाही, म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवला. पण खोलीत इतरही लोक होते, आणि गावाला काय, आधीच कान मोठे. आठ दिवसांत निकाल लागला: इतकी वर्षं रविवारी जात होता ते उगाच नाही, एकेक पितळ काढून विकलं म्हाताऱ्यानं. चबुतऱ्याच्या दगडावर ज्यांची नावं यायची होती त्यांत आबांचं नाव होतं. ते गळलं.

मी पेटून उठले. माझा स्वभाव तसाच आहे, काउंटरवरही लोक मला टरकून असतात. गावात जाऊन दोघांशी भांडले. साहेबाला पत्र लिहिलं, माझे वडील चोर नाहीत म्हणून. आणि घरी येऊन आबांच्याच मागे लागले. "तुम्हाला माहीत आहे ना कुणी नेलं? माहीत असल्याशिवाय तुम्ही असे गप्प बसणार नाही. नाव सांगा. एकदा फक्त नाव सांगा, मग मी बघते त्याच्याकडे."

"जाऊ दे पोर."

"का जाऊ दे? कोण लागतो तो तुमचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. "जेवाले वाढ," म्हणाले.

असं मी एकदा नाही, महिनाभर विचारलं. जेवताना, चहा पिताना. त्यांच्या तोंडातला घास मी कडू केला.

लाकडाची शिट्टी आबांनीच करवून घेतली. सुताराकडे बसून, हातानं माप दाखवत. इथं एवढी जाड, इथं खाच, टोपी अशी. कागद नाही, फोटो नाही, पण सुतार म्हणाला की म्हाताऱ्याचा अंदाज तसूभर चुकला नाही. पाटी पत्र्याची केली. तिच्यावरची अक्षरं आबांनी हवेत बोटानं काढून दाखवली आणि रंगाऱ्यानं ती रंगवली. चाकं हलू नयेत म्हणून रुळाला वेल्डिंग करून टाकली. ते चाललं होतं तेव्हा आबा पाठ करून उभे राहिले.

समारंभाला आम्ही मागच्या रांगेत होतो. कुणीतरी मोबाइलवरून लाउडस्पीकरवर गाडीची शिट्टी लावली. पोरांनी टाळ्या पिटल्या. आबा हळूच म्हणाले, "हाई आपली नही." त्यानंतर ते रविवारी कुठं गेले नाहीत. इंजिनाला आता कूस बदलायची नव्हती. अंगणात खुर्ची टाकून बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

तेराव्याला नाना आले, काठी टेकत. जेवणं झाल्यावर मी त्यांच्यापुढे पुन्हा तेच उगाळायला बसले. "नाना, तुम्ही तरी सांगा. आबा मरेपर्यंत कुणाला पाठीशी घालत होते?"

नानांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "म्हंजे तुले माहीत नही? शिट्टी तं तुन्या मायनी पेटीमा व्हती ना. आम्ही दोन्हीसनी बांधेल व्हती, गोणपाटमा. मी इचारं त्याले, तो म्हने, चोरी गयी. मी म्हनं, घरमाईन कशी चोरी जाई? तो बोलनाच नही."

मला आधी तारेची आठवण झाली. मग मनगटाची. मग दुकानातला तो पोकळ दांडा.

महिनाभर मी त्यांच्याकडे ज्याचं नाव मागत होते तो चोर रोज त्यांच्यापुढे ताट वाढत होता.

मी दुकानात गेले. शेठ भला माणूस, त्यानं वह्या न काढताच सांगितलं, ताई, ती मोड तर त्याच आठवड्यात भट्टीला गेली. सावद्याला गेले. लेकीनं घागर चिंचेनं घासून लखलखीत ठेवली होती. मी तिला काही बोलले नाही. घागरीवर टिचकी मारली. खणखणीत वाजली. मी तिथंच, तिच्या सासूसमोर, हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं बापाच्या आठवणीनं, आणि ते खरंच होतं.

मग मी शेवटचा अर्ज लिहिला. शिट्टी, पाटी आणि दोन झडपा माझ्या वडिलांनी चोरांपासून जपून ठेवल्या होत्या, त्या मी अजाणता मोडीत दिल्या, दोष माझा आहे, त्यांचं नाव दगडावर लावावं. माझ्याच काउंटरला रजिस्टर केला, माझ्याच हातानं शिक्का मारला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर इंजिनाचे सर्व भाग सुरक्षित असल्याची नोंद आहे, सबब कोणत्याही कार्यवाहीची आवश्यकता नाही.

त्यांच्या यादीत शिट्टी एक, पाटी एक. लाकडाची आणि पत्र्याची, पण एकेक आहे.

गेल्या खंडेनवमीला मी हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि नारळ घेऊन गावी गेले. वेल्डिंग केलेल्या चाकांना तेल घातलं. त्याचा उपयोग नाही हे मला कळतं. समोर चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं होती, सगळी गावातलीच, आबांना ओळखणारी. मी मनाशी ठरवूनच गेले होते. त्यांच्यापुढे उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. पेटीपासून भट्टीपर्यंत सगळं. माझ्या बापानं काही विकलं नाही, मी दिलं, माझ्या हातानं.

एकानं कप बाजूला ठेवला. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मला वाटलं, झालं, पोचलं.

मग टपरीवाला म्हणाला, "जाऊ द्या अक्का. आबा गयात, आते कसाले त्यासना दोष आपला डोकावर लेतस?" आणि बाकीच्यांकडे वळून, "पोर ऱ्हावो ते आशी. बापनी चोरी सोतावर लेस."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी ओरडून सांगितलं की हे खरं आहे, शपथ घेतली, नानांना विचारा म्हटलं. नाना तर श्रावणातच गेले होते; हे त्यांना माहीत होतं, मला तिथंच कळलं. मी जितकी रडले तितका त्यांना माझा अभिमान वाटला. टपरीवाल्यानं आधी मला दिलेला कागदी कप परत घेतला आणि मला काचेच्या ग्लासात, आलं ठेचून, नवा चहा करून दिला.